पानामागे अडीच रुपये

बलदवांच्या आडतीतून आलेली पत्र्याची पेटी
उघडली तर आधी ठसकाच लागला.
कित्येक वर्षं हळदीच्या पोत्यांखाली होती,
म्हणून वाळवी नाही, कुलथे सर म्हणाले,
आणि नाकाला रुमाल लावून निघून गेले.

मला कामावर घेतलं ते मोडी येते म्हणून.
नांदेडला दहा दिवसांचं शिबिर केलंय, प्रमाणपत्र आहे.
पानामागे अडीच रुपये.
रजिस्टरात पाच रकाने:
क्रमांक, तारीख, लेखक, कोणास, विषय.

पेटी व्यंकट हयातनगरकराची.
निजामाच्या पोलिसांना हुलकावणी देऊन गेला तो
आधी मुंबई, मग बोटीत कोळसा ओढत न्यूयॉर्क.
तिथं छापखान्यात उलटे खिळे जुळवायचा.
वसमतला त्याच्या नावाची पाटी होती म्हणतात,
आता पानटपरीमागं गेली.

लेखकाच्या रकान्यात मी पहिल्याच दिवशी लिहिलं: डेलिया.
सरांना वाटलं फुलझाड. खोडायला लावलं.

डेलियाबाई आयर्लंडची.
तिच्याही नावानं वॉरंट.
शेजारीच खिळे जुळवायची.
खोलीवर धाड पडली तर काही सापडू नये
म्हणून तिची पत्रं, आलेली, गेलेली,
व्यंकटानं मोडीत उतरवून घेतली,
अस्सल कागद शेगडीत.
न्यूयॉर्कात मोडी वाचणारा हेर
कुठून आणतील बाप्पा?

सरांना हवा होता बंदुकांचा हिशेब,
निदान एखादी गुप्त बैठक.
चाळीस पानांतून निघालं ते असं:
खोलीचं भाडं थकलंय.
जोड्याला तळ उरला नाही.
तिकडं लोण्याला काय भाव आहे?
धाकट्याला पकडून नेलं तेव्हा
त्याच्या अंगात स्वेटर होता का?

तिच्या मुलखात दलदलीची माती कापून, वाळवून जाळतात.
व्यंकटाला शब्द सापडला नसेल,
त्यानं गोवऱ्या लिहिलंय.
ओल्या कुरणाला गायरान.
तिच्या आईला माय.
"माय, औंदा गोवऱ्या पुरतील ना?"
"तांबडी व्याली का?"
विसाव्या पानापासून मला कळेनासं झालं
तांबडी बांधलीय कुणाच्या दारात.
धाकटा भाऊ हयातनगरातही होता.
त्यालाही नेलं होतं.

विषयात मी लिहिलं:
क्रांतिकारकांचा परदेशातील पत्रव्यवहार.
सर खूश.

एकेचाळिसावं पान निराळं.
आधी पानभर आडवी रेघ, ती मोडीचीच रीत,
पण रेघ उताराला लागलेली,
आणि खाली अक्षरं अशी
की लेकरानं पहिल्यांदाच दोरीवर कपडे वाळत घालावेत.
दर अक्षराला टाक उचललेला.
व्यंकटाचा हात नव्हे हा.
मजकूर एवढाच:
माय मी बरा आहे काळजी करू नको येतो

बरा. येतो.
भिंग लावून पाहिलं, काना स्पष्ट आहे.
मग लक्षात आलं, आणि मी खुर्चीला टेकले.
तो स्वतःबद्दल जसा बोलायचा
तशीच ती बोलायला शिकली.
बाईनं येते म्हणायचं असतं
हे तिला कोण सांगणार?
त्या छापखान्यात, त्या अख्ख्या शहरात,
येते म्हणणारं दुसरं कुणी नव्हतंच.

दोघांतलं कोण घरी पोचलं, माहीत नाही.
पेटी तेवढी पोचली.

लेखकाच्या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून ठेवलं.
शाईचा ठिपका पडला, तो तसाच आहे.
पान पेटीतच ठेवलंय,
बिल मात्र चाळीस पानांचं केलं. शंभर रुपये.

संध्याकाळी स्टँडवर हात पिवळे धमक.
शेजारची बाई म्हणाली, कुणाची हळद व्हती गं?
सांगत बसले असते तर गाडी चुकली असती.
घरचीच, म्हणाले.